वाकडं खोगीर

अमेरिकन बाईला इंग्रज बाई दुडक्या चालीवर उठाबशा काढताना दिसते, आणि इंग्रज बाईला अमेरिकन बाई ओसरीवर पान जुळवत बसल्यासारखी दिसते. घोड्यावर कसं बसावं यावरून दोघींची ही चेष्टामस्करी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि त्यात दोघींनाही मजा येते. ही चुरस हाच या पुस्तकाचा विषय.

चेष्टा बाजूला ठेवली तर दोन्ही बैठकींमागे काम आहे. इंग्रजी पद्धत शिकारीच्या रानात घडली. कोल्ह्यामागे धावताना कुंपणं आणि चर ओलांडायचे, म्हणून रिकीब आखूड, खोगीर हलकं आणि सपाट, लगाम दोन्ही हातांत, घोड्याच्या तोंडाशी सतत थोडा ताण. दुडकीचे हिसके पाठीला बसू नयेत म्हणून स्वार तालावर उठतो-बसतो. त्याच त्या उठाबशा. अमेरिकेच्या पश्चिमेकडची पद्धत आली ती स्पॅनिश आणि मेक्सिकन गुराख्यांकडून. दिवसभर गुरांमागे हिंडायचं, म्हणून रिकीब लांब, बैठक खोल, लगाम एका हातात आणि तोही ढिला. दुसरा हात फासाच्या दोरासाठी मोकळा, आणि दोराला वेढा द्यायला खोगिराच्या पुढच्या अंगाला एक खुंट. घोडं वळवायचं ते तोंड ओढून नव्हे, मानेवर लगाम टेकवून. आपल्या जुन्या बारगिराला यात काही नवल वाटलं नसतं. त्याचाही एक हात भाल्यात अडकलेला असे.

हे सगळं पुढच्या पानांत तपशिलानं येणारच आहे. पिंप्राळ्यात बसून प्रस्तावना लिहिणाऱ्याला मात्र त्याआधीची एक चुरस सांगितल्याशिवाय राहवत नाही. तीत इंग्रजांच्या बाजूची बाई आहेच. समोर अमेरिकन नाही, कागलच्या घाटग्यांची लेक आहे.

बायजाबाईंचा जन्म १७८४चा. वडील सर्जेराव घाटगे. १७९८ साली पुण्यात दौलतराव शिंद्यांशी त्यांचं लग्न झालं. १८२७ साली दौलतराव वारले आणि पुढची सहा वर्षं ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंनी पाहिला. मग दत्तक घेतलेल्या जनकोजीरावांशी बिनसलं, आणि १८३३ साली त्यांना ग्वाल्हेर सोडावं लागलं. राज्य गेलं तरी तळ राहिला: तंबू, घोडी, शिपाई, कारकून, भटजी, दासी, सगळं बरोबर. १८३५च्या एप्रिलमध्ये हा तळ फरुखाबादजवळ फत्तेगडला गंगेकाठी पडला होता. तळावर त्यांना ‘महाराज’ म्हणत.

तिथे त्यांना भेटायला आली फॅनी पार्क्स. वेल्समधल्या कॉनवी गावी १७९४ साली जन्मलेली ही बाई १८२२ साली नवऱ्याबरोबर कलकत्त्याला उतरली होती. नवरा कंपनीचा नोकर, मुक्काम बरीच वर्षं अलाहाबादला. हिंदुस्तानी ती सफाईनं बोले, सतार शिकली होती, आणि मनात आलं की होडी काढून नदीनं फिरायला निघे. १८५० साली तिचं ‘वाँडरिंग्ज ऑफ अ पिलग्रिम इन सर्च ऑफ द पिक्चरेस्क’ हे दोन खंडांचं प्रवासवर्णन छापून आलं. त्या काळच्या मडमांच्या रोजनिश्या बहुधा उन्हाळा, नोकर आणि डास यांच्या तक्रारींत संपतात. फॅनीचा डोळा वेगळा होता. बायजाबाईंच्या दरबारात शिरल्याबरोबर तिच्या नजरेत भरली ती तलवारीवर रेलून उभी असलेली एक बाई. महाराज उठून दुसऱ्या दालनात गेल्या की ही बाई आणि तिची तलवार त्यांच्या मागोमाग जात. महाराजांची तरणी नात गजराजा जांभळ्या बनारसी रेशमात होती, नाकात मराठी घाटाची नथ, गळ्यापासून कमरेपर्यंत मोत्यांच्या माळा. वीसेक वार वस्त्र कमरेभोवती गुंडाळून त्याचा पट्टा दोन्ही पायांमधून मागे खोचला की त्याचा घागराही होतो आणि विजारही, हे फॅनीनं नेमकं टिपलं आहे. आपल्या आज्या-पणज्या रोज पहाटे डोळे मिटून जो कासोटा घालत, त्याचं इतकं बारकाईनं वर्णन करावं असं आपल्यापैकी फार कुणाला वाटलं नाही.

बोलणं घोड्यांवर आलं. फॅनीला घेऊन आलेली बाई म्हणाली, हिला घोड्यांचं वेड एखाद्या मराठ्याइतकंच आहे. त्यावर बायजाबाईंनी आपली जुनी शंका काढली: तुम्ही इंग्रज बायका एकाच बाजूला दोन्ही पाय सोडून, अशा वाकड्यातिकड्या होऊन घोड्यावर बसता तरी कशा? ही शंका विचारणारी बाई स्वतः घोड्यावर वाढलेली. आर्थर वेलस्लीशी झालेल्या लढाईत त्या हातात भाला आणि कडेवर तान्हं मूल घेऊन घोड्यावर होत्या, असं फॅनी लिहिते. तळावर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना मीठमसाला लागतोच, तो धरूनच हे वाचावं. पण वेलस्लीशी शिंद्यांची मोठी झुंज झाली ते असई आमच्या अजिंठ्याचा घाट चढून गेल्यावर भोकरदनच्या बाजूला आहे. तारीख २३ सप्टेंबर १८०३. खानदेशातल्या वाचकाला हा भाला अगदीच परका नाही.

तर प्रात्यक्षिकाचा दिवस ठरला. फॅनी आपला घोडा आणि आपलं साइडसॅडल घेऊन भल्या पहाटे तळावर हजर झाली. इंग्रजी तऱ्हा दाखवून झाल्यावर तिलाही मराठी घोड्यावर बसवण्यात आलं. दोन्हीकडे पाय टाकून, मोठाल्या लोखंडी रिकिबींत ते अडकवून तिनं घोडा रिंगणात चौखूर सोडला. तिला इतकं सुरक्षित वाटलं की चंद्रावरूनही उडी मारता आली असती, असं ती लिहिते. आणि बायकांची बसण्याची तऱ्हा बदलल्याबद्दल राणी एलिझाबेथला मूर्ख ठरवून मोकळी होते. (एलिझाबेथवर हा आळ उगाच आला. इंग्लंडात ही तऱ्हा १३८२ साली राजवधू होऊन आलेल्या बोहेमियाच्या ॲननं आणली, अशी रूढ समजूत आहे.) तेवढ्यात कुठूनसा एका पुरुषाच्या आवाजात ‘शाब्बास’ आला. पडद्याच्या जागी हा पुरुष कोण आणि कुठे दडला होता, याचा पत्ता फॅनीला शेवटपर्यंत लागला नाही.

मग पाळी उलटली. गजराजाच्या बायकांपैकी एकीला फॅनीचा काळा झगा चढवण्यात आला. एका पोरीला ती त्या वेषात काळ्या डॉक्टरासारखी दिसली आणि हशा पिकला. तिला साइडसॅडलवर चढवून फॅनीनं तिच्या घोड्याचा लगाम आपल्या हाती घेतला, शेजारून आपला घोडा दामटला आणि दोघी निघाल्या. थोडं अंतर जाताच फॅनीनं एकदम चाल बदलून दुडकी धरली. बिचारी अर्धी खाली लोंबकळू लागली, पुढच्या खुंटाला मिठी मारून थांबा थांबा म्हणून किंचाळू लागली. फॅनी थांबली ती थेट बायजाबाईंसमोर. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. खाली उतरल्यावर त्या बाईनं शपथच घेतली की या वाकड्या वस्तूवर पुन्हा म्हणून बसणार नाही.

माझं मत असं की फॅनीनं इथे सरळसरळ लबाडी केली. साइडसॅडलवर लांब ढांगेची दौड त्यातल्या त्यात सोपी आणि दुडकी सगळ्यात अवघड, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शिवाय लगाम दुसरीच्या हाती असला तर भलाभला स्वारही लोंबकळेल. साइडसॅडल म्हणजे नुसतं बाजूला पाय सोडून बसणं नव्हे. उजवी मांडी वरच्या वाकड्या खुंटावर अडकवायची, खांदे आणि कंबर मात्र घोड्याच्या कानांच्या रेषेत ठेवायची. पाय डाव्या अंगाला आणि धड समोर, हा पीळ दिवसभर सांभाळायचा. घोड्याला उजव्या बाजूनं टाच लागतच नाही, म्हणून त्या बाजूनं टाचेचं काम छडीनं करायचं. १८३०च्या सुमारास फ्रान्समध्ये ज्यूल पेलिए यानं खाली दुसरा खुंट बसवला. डावी मांडी त्याच्या खाली दाबली की बैठक अशी पक्की होते की साइडसॅडलवरच्या बायका पुरुषांच्या बरोबरीनं कुंपणांवरून उड्या मारू लागल्या. हसण्यावारी नेण्याजोगी ती विद्या नव्हती. हसण्याजोगं होतं ते तिच्यामागचं कारण: घोड्याच्या पाठीचा आणि बाईच्या अंगाचा विचार न करता झग्याच्या घेराचा विचार करून बनवलेलं खोगीर. मराठी बाईला त्याची गरज पडली नाही, कारण तिच्या लुगड्यानं ती अडचण मुळातच ठेवली नव्हती.

बायजाबाई फॅनीवर खूष झाल्या. तिला आपल्या नातीची मावशीआजी ठरवून टाकली, म्हणजे स्वतःची मानलेली बहीण. पुढे अलाहाबादेतही दोघींच्या भेटी होत राहिल्या. बायजाबाईंनी नंतरची काही वर्षं नाशकात काढली आणि १८६३ साली ग्वाल्हेरीत देह ठेवला.

या दोघींच्या गप्पांत आणखी एक विषय निघे आणि तो मला घोड्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडात लग्न झालेल्या बाईला कायद्यानं स्वतःचं असं काही नसे. तिची मिळकत, तिची कमाई नवऱ्याची. हे पुरतं बदलायला १८८२चा कायदा यावा लागला. फॅनी ही कैफियत मांडते तेव्हा बायजाबाई साळसूदपणे विचारतात, हे कायदे केले कुणी? पुरुषांनी, असं उत्तर येतं. त्यावर बायजाबाई गालातल्या गालात हसून म्हणतात की त्यांना शंकाच होती, कारण हे पुरुष स्वतःला एकच बायको करू देतात. ज्या बाईनं सहा वर्षं राज्य चालवलं तिला हा विनोद शोभतो. पण याच गजराजा घोड्यावर बाहेर निघाल्या की भोवती दोनशे यार्डांवर मराठी स्वारांचं कडं असे, आणि वाटेत पुरुष दिसला तर त्याला देहदंड, असा हुकूम फिरवला जाई. मांड ठोकून बसायची मोकळीक होती, पण ती या कड्याच्या आत. तेव्हा फत्तेगडचा सामना ‘आपण’ जिंकलो, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला हा हुकूमही वाचून दाखवावा.

आता अमेरिका. तिथला मामला वाटतो तितका सरळ नाही, हे पुढची प्रकरणं वाचताना ध्यानात ठेवावं. बफेलो बिलच्या खेळांत नेमबाजीनं जग गाजवणारी ॲनी ओक्ली ही अस्सल अमेरिकन, आणि तिला दोन्हीकडे पाय टाकून बसणं बायकी वाटत नसे. ती जन्मभर साइडसॅडलच वापरत राहिली. उलट यॉर्कशरमध्ये जन्मलेली इझाबेला बर्ड १८७३ साली हवाईत पोचली, पाठदुखीनं हैराण झाली, आणि तिथल्या बायकांसारखी मेक्सिकन खोगिरावर मांड टाकून बसताच दुखणं पळालं. त्याच वर्षी तिनं कोलोराडोचे डोंगर तसेच पालथे घातले. मात्र डेन्व्हर गाव जवळ आलं की बाई निमूट एका बाजूला पाय घेई. पुढे ‘टाइम्स’नं तिच्या पोशाखाला पुरुषी म्हटलं तेव्हा तिचा संताप झाला, आणि या प्रवासावरच्या आपल्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत तिनं खुलासा घातला की हा तर अमेरिकन बायकांचा डोंगरी पोशाख: घोट्यापर्यंत परकर आणि आत तुर्की घाटाची घोळदार तुमान. इंग्रज बाईनं मोकळं बसायचं ठरवलं की दाखला अमेरिकेचा द्यायचा, ही सोय तेव्हापासूनची.

विसाव्या शतकात पारडं झपाट्यानं फिरलं. १९१०-११मध्ये नॅन ॲस्पिनवॉल घोड्यावर मांड टाकून सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत एकटी गेली. ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी मोर्चा निघाला, त्याच्या अग्रभागी पांढऱ्या घोड्यावर इनेझ मिलहॉलंड होती, तीही दोन्हीकडे पाय टाकून. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडातही साइडसॅडल मागे पडत गेलं आणि अखेर समारंभापुरतं उरलं. राणी दुसरी एलिझाबेथ एरवी सर्वांसारखी बसे, पण वाढदिवसाच्या लष्करी संचलनाला १९८६पर्यंत ती ‘बर्मीझ’ घोडीवर साइडसॅडलनेच आली. घोडी कॅनडाच्या पोलिसांनी भेट दिलेली. आजची इंग्रज-अमेरिकन चुरस उरली आहे ती रिकिबीच्या लांबीची, लगामाच्या ताणाची आणि टोपीची.

घरच्या मैदानाबद्दल चार शब्द. आमच्या जळगावहून धुळ्याला जाताना पारोळा लागतं. तिथला भुईकोट किल्ला झाशीच्या नेवाळकरांच्या जहागिरीतला. सत्तावनच्या उठावानंतर इंग्रजांनी ती जहागीर जप्त केली. त्या घरची सून लक्ष्मीबाई आपल्याला पुतळ्यांत भेटते ती पाठीशी मूल बांधून, मांड टाकूनच. कोल्हापुरात कावळा नाक्यावरची ताराराणी तर मागच्या दोन पायांवर उभ्या ठाकलेल्या घोड्यावर आहे. पुतळ्यांच्या बाबतीत आपण कुणाला हार जाणार नाही. प्रत्यक्षात मात्र दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला जाऊन पाहावं. एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडची पांढरीशुभ्र नुकरी घोडी रांगेनं बांधलेली असतात. गिऱ्हाईक दात पाहतं, अंगावरचे भोवरे तपासतं, मग एखादा पोरगा उघड्या पाठीवर टांग मारून रेवाल चाल काढून दाखवतो. बायका यात्रेत हजारोंनी असतात. देवाला जातात, भांडी घेतात, पाळण्यात बसतात. घोड्याच्या पाठीवर बाई क्वचितच दिसते.

ही मांड गेली कुठे? मला वाटतं, लुगड्याबरोबर गेली. नऊवारी सुटून पाचवारी आली, कासोटा गेला, आणि ज्या बैठकीवर फत्तेगडच्या बायका खदखदून हसल्या होत्या तीच आपल्या अंगवळणी पडली. पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकावर उड्डाणपूल होण्याआधी फाटक पडलं की मोटारसायकलींची रांग लागे, तेव्हा हे निवांत बघायला मिळे. मागच्या सीटवर बाई एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसलेली, मांडीवर मूल, मुलाच्या हातात शेवचिवड्याचा पुडा, पदर कमरेला खोचलेला. एक हात नवऱ्याच्या खांद्यावर किंवा सीटमागच्या दांडीवर. गाडी डावीकडे कलली की तिनं उजवीकडे तोल द्यायचा, तेही मागे न वळता. फॅनीच्या साइडसॅडलला दोन खुंट तरी असत. हिच्यापुढे खुंट नाही, फक्त चाकात पदर जाऊ नये म्हणून लावलेली जाळी. ती तर मोटार वाहन नियमांतच लिहिलेली आहे. तिच्याच मागे रांगेत कॉलेजची पोरगी सलवार-कुडत्यात स्कूटीवर दोन्हीकडे पाय सोडून, ओढणी तोंडाला घट्ट बांधून उभी असे. कपडा बदलला की बैठक बदलते, याचा पुरावा पाहायला विलायतेला जायची गरज नव्हती.

मांड परत येतेय, पण शिंद्या-होळकरांच्या पागेतून नव्हे. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघानं ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीत १९८२नंतर पहिलंच. चौघांत दोन मुली होत्या, दिव्याकृती सिंह आणि होळकरांच्या इंदूरची सुदीप्ती हजेला. मुलगे हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. या खेळात बायका आणि पुरुष एकाच रिंगणात एकमेकांविरुद्ध उतरतात. खोगीर मात्र शंभर टक्के इंग्रजी. ‘वेस्टर्न’ पद्धत शिकायची तर आपल्याकडे अजून शिकवणारा शोधावा लागेल, त्यामुळे या पुस्तकातल्या भांडणात आपला वाचक नकळत इंग्रजांच्या बाजूनं झुकेल. त्यानं अमेरिकन प्रकरणं आधी वाचावीत, असं मी सुचवेन.

आणि कुणाला एवढ्यानं समाधान होत नसेल तर त्यानं लग्नसराईत आमच्या भागातल्या एखाद्या घोडीवाल्याला गाठावं. हल्ली नवऱ्याच्या हट्टाला नवरीचाही हट्ट जोडला जातो आणि वरातीत तीही घोडीवर बसते. घागऱ्यातली नवरी असली की घोडीवाला दोन माणसं जास्तीची मागतो, एक धरायला आणि एक घेर सावरायला. नऊवारीतली असली तर तो फक्त रिकीब पुढे करतो.

पिंप्राळा, जळगाव